दोन चुका मिळून बरोबर दाखवणारा काटा

मित्राने गाडी माझ्याकडे आणली ती एवढ्याच तक्रारीवर: "स्पीडोमीटर सकाळी खोटं बोलतो आणि दुपारी खरं." गाडी १९८०च्या दशकातली, पाट्यांच्या स्प्रिंगांवर उभी, चारही चाकांना जोर देणारी. समोर १२० पर्यंत आकडे असलेलं एकच मोठं गोल मीटर, त्यात वेगाचा काटा आणि त्याखाली किलोमीटर मोजणारा ओडोमीटर. इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतून, निघालेली केबल वर येते आणि मीटरच्या पाठीत शिरते, बस.

दुखण्याचा इतिहास मात्र लांबलचक होता. दीड वर्षापूर्वी काटा नाचायला लागला. मीटर दुरुस्त करणाऱ्याने मीटर उघडून साफ केलं, नवी केबल टाकली आणि चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग पुन्हा तेच. पुन्हा साफसफाई, पुन्हा केबल, पुन्हा चार महिने. त्या वेळी निदान झालं की केबलला ग्रीस जास्त लावलं होतं आणि तेच वर चढून मीटरमध्ये गेलं. म्हणून तिसऱ्या वेळी केबल जवळजवळ कोरडीच बसवली. तरी चार महिन्यांनी काटा परत नाचू लागला. आता मित्र नवं मीटर शोधत होता.

"मीटर बदलूनच टाकतो."

"अरे, साफ केल्यावर जे चार महिने नीट चालतं, ते मीटर खराब कसं? त्यात काहीतरी येतंय. कुठून येतंय ते बघू."

हे मी बोलून तर गेलो, पण तेव्हा माझा संशय वेगळ्याच गोष्टीवर होता. गाडीला टायर मोठे घातलेले होते आणि सगळा घोळ त्यांचाच असेल असं मला वाटत होतं. निम्मं ते खरंही निघालं, म्हणूनच पुढे गोंधळ वाढला.

एका दांड्यावर दोन यंत्रं

यांत्रिक स्पीडोमीटर म्हणजे एक यंत्र नसून दोन आहेत, हे डोक्यात पक्कं असेल तर निम्मं निदान गाडीला हात न लावता होतं. केबल मीटरमधला एक लहान दांडा फिरवते. त्या दांड्यावर स्क्रूसारख्या आट्यांचा वर्म गिअर असतो, तो ओडोमीटरचे आकडे फिरवतो. ही दात्यात दात अडकलेली जोडणी आहे, तिथे अंदाजाला जागा नाही. केबलचे ठरावीक फेरे झाले की एक किलोमीटर, मग थंडी असो की ऊन.

काट्याचं तसं नाही. काटा आणि केबल यांच्यात कसलीच घट्ट जोडणी नसते. दांड्याच्या टोकाला चुंबक असतं आणि त्याच्याभोवती, त्याला न टेकता, अॅल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. चुंबक फिरलं की वाटीत चक्राकार विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या मागे ओढतात. वाटीच्या दांड्यावर काटा आणि केसासारखी बारीक गुंडाळी स्प्रिंग बसवलेली असते. वाटी पुढे ओढली जाते, स्प्रिंग मागे खेचते, दोघांचं जिथे जमतं तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्त्सेने १९०२ मध्ये जर्मनीत या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि इलेक्ट्रॉनिक मीटर येईपर्यंत बहुतेक गाड्या याच वाटीवर चालल्या.

म्हणून तक्रार ऐकली की पहिला प्रश्न ओडोमीटरचा. काटा आणि आकडे दोन्ही मेलेत? मग केबल तुटली किंवा खालचा गिअर गेला. आकडे चालू, काटा मेलेला? केबलला हात लावू नका, दुखणं मीटरमध्ये आहे. काटा चालू, आकडे बंद? मीटरमधलंच एखादं चाक घसरलंय. दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी दाखवतात? मग मीटर निर्दोष, टायर किंवा गिअरचं प्रमाण बदललंय. आणि आकडे एक सांगतात, काटा भलतंच सांगतो, असं असेल तर खरा तपास तिथून सुरू होतो.

मोजमाप

मित्राच्या फोनवर जीपीएसचा वेग दिसत होता. सपाट, सरळ रस्त्यावर आम्ही खरा वेग ५० धरून ठेवला. सकाळी गार हवेत काटा ५८ ते ६२ मध्ये डोलत होता. दुपारी, गाडी तासभर चालून डॅशबोर्ड तापल्यावर, त्याच वेगाला काटा बरोबर ५० वर उभा. शांत. मित्राचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

मग ओडोमीटर. जीपीएसवर २० किलोमीटर मोजून तीन फेऱ्या मारल्या. आकडे आले १८.८, १८.९ आणि परत १८.८. सकाळी तेच, दुपारी तेच. इथे दोन गोष्टी निकालात निघाल्या. एक, खालचा गिअर किंवा केबलचं टोक घसरत नाही. घसरत असतं तर तिन्ही आकडे असे जुळले नसते. दोन, ओडोमीटर ठामपणे ६ टक्क्यांच्या आसपास कमी मोजतो.

आता हे दोन्ही समोरासमोर ठेवा. ओडोमीटर ६ टक्के कमी, म्हणजे खऱ्या ५० ला काटाही ४७ वर हवा. दुपारी तो ५० दाखवतो, म्हणजे बरोबर नाही, ३ ने जास्त दाखवतो! सकाळी १३ ने जास्त. दुपारच्या ज्या आकड्यावर मित्राचा भरवसा होता, तो दोन चुकांनी एकमेकींना खाऊन तयार झालेला होता. मी टायरवर संशय धरून आधी गिअर बदलला असता, तर दुपारचा काटाही बिघडला असता आणि मी बुचकळ्यात पडलो असतो.

मीटरच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत ६३७ छापलेलं होतं. हा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, पण तपासात याच्याइतकं उपयोगी काही नाही. केबलचे ६३७ फेरे म्हणजे एक किलोमीटर, असा त्याचा अर्थ. जपानी पद्धतीच्या मीटरांवर तो नेहमी दिसतो. अमेरिकी मीटर बहुधा मैलाला १००० फेऱ्यांचे असतात आणि ब्रिटिश मीटरांवर गाडीगणिक वेगळा आकडा छापलेला आढळतो.

मग गाडी खरोखर किती फेरे देते ते मोजलं. केबल मीटरपासून सोडवून तिच्या आतल्या तारेच्या टोकाला कागदी चिकटपट्टीचं निशाण लावलं. जमिनीवर टेपने २० मीटर आखले. मित्राने आणि आणखी एकाने गाडी ढकलली, मी निशाणाचे फेरे मोजले. १२. परत ढकलली, परत १२. हवे होते पावणेतेराच्या जरा खाली, १२.७४. म्हणजे किलोमीटरला ६३७ ऐवजी ६०० फेरे आणि कमतरता पुन्हा ६ टक्क्यांच्या आतबाहेर. ओडोमीटरने सांगितलेलंच गाडीने परत सांगितलं.

हे मोजताना एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचा मोह होतो, कारण गाडी ढकलण्यापेक्षा ते सोपं. पण दुसरं चाक जमिनीवर असताना एकच चाक फिरवलं, तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा, निम्माच फिरतो आणि उत्तर निम्मं येतं. गाडी सरळ ढकलावी.

टायरचं गणितही करून पाहिलं. मूळ टायर २३५/७५ आर १५, कागदावर व्यास साधारण ७३३ मिलिमीटर. नवे ३१ इंची, म्हणजे ७८७. फरक ७ टक्क्यांच्या वर. प्रत्यक्षात भरला ६, कारण ३१ इंची म्हणून विकलेला टायर बहुधा तेवढा भरत नाही आणि वजनाखाली दबतो ते वेगळंच. म्हणून मी टायरच्या तक्त्यांवर विसंबत नाही. केबलचे फेरे मोजले की टायर, हवा, घासलेली नक्षी, बदललेलं डिफरन्शियल, सगळं त्यात आपसूक येतं.

काटा का चढतो

राहिला सकाळचा प्रश्न. काटा जास्त दाखवण्याची नेहमीची कारणं दोन: गुंडाळी स्प्रिंग दमली असेल, किंवा कोणीतरी काटा काढून चुकीच्या जागी बसवला असेल. पण दमलेली स्प्रिंग सकाळ-दुपार सारखीच दमलेली असते. वाटीतला प्रवाह तापमानाने बदलतो, हे खरं. अॅल्युमिनियम तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो, अंशाला सुमारे ०.४ टक्के, आणि ओढ कमी होते. त्यासाठी चुंबकाशेजारी निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची एक पट्टी दिलेली असते. ती थंडीत चुंबकाचं थोडं बळ आपल्याकडून वळवून घेते आणि उष्णतेत सोडते. ती पट्टीच निकामी झाली असं धरलं, तरी २० अंशांच्या फरकाला बदल येईल ८ टक्क्यांच्या आसपास. आमच्या काट्यात फरक २० टक्क्यांचा. हिशेब बसत नव्हता.

खरा सुगावा मिळाला गाडी थांबल्यावर. चाकं थांबली तरी काटा लगेच शून्यावर येत नव्हता. तो घरंगळत, तीन-चार सेकंद घेत, पण शेवटी पूर्ण शून्यावर येत होता. कोरडा अडथळा असेल, म्हणजे काट्याच्या दांड्याचं टोक झिजलंय किंवा स्प्रिंग कुठे अडकतेय, तर काटा मध्येच थबकतो आणि तबकडीवर टिचकी मारली की खाली पडतो. इथे थबकणं नव्हतं, आळस होता. आळस म्हणजे चिकट द्रव. चुंबक आणि वाटी यांच्या मधल्या फटीत तेल शिरलं की चुंबक त्या तेलातूनही वाटीला ओढतं. गार तेल घट्ट, ओढ जास्त. गरम तेल पातळ, ओढ कमी. सकाळ-दुपारचा सगळा प्रकार एका वाक्यात उलगडला.

मीटर काढून टेबलावर आणलं. उघडण्याआधी एक चाचणी केली. ती मला फार आवडते, कारण तिला एकही खास उपकरण लागत नाही. तुटक्या केबलचा वीतभर तुकडा ड्रिलमध्ये पकडला, त्याचं चौकोनी टोक मीटरमध्ये घातलं आणि ड्रिल हळू, एकसारखं फिरवलं. ड्रिलचे फेरे मोजायची गरज नाही, ओडोमीटर तेच करतोय. एका मिनिटात शेवटचा आकडा ०.८ किलोमीटरने सरकला. मिनिटाला ०.८ म्हणजे ताशी ४८. काटा ५६ वर. टायर नाही, गाडी नाही, रस्ता नाही, एकाच दांड्यावरची दोन यंत्रं आपसात भांडताहेत. (ड्रिल कोणत्या दिशेने फिरवायचं ते आधी गाडी पुढे ढकलून, केबल कुठे फिरते ते बघून ठरवा. उलटं फिरवलं तर काटा शून्याच्या खुंटीवर आपटत राहतो.)

मागचं झाकण काढलं. आत सगळं ओलं. पण ग्रीस नव्हतं. ग्रीस चढलं असतं तर राखाडी-काळा लगदा दिसला असता. हे मधाच्या रंगाचं पातळ तेल होतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास होता. गिअर ऑइल ज्याने एकदा हाताळलंय त्याला तो वास सांगावा लागत नाही. केबलला गिअर ऑइल कोणी लावत नाही. ते एकाच ठिकाणाहून येऊ शकतं: खालून, ट्रान्सफर केसमधून, सुमारे दोन मीटर केबल चढून.

चढतं कसं, याचं मित्राला नवल वाटलं. केबलच्या आतली तार एकसंध नसते, बारीक तारांचे थर एकमेकांवर पिळून ती बनवलेली असते. बाहेरच्या थराचा पीळ फिरताना लांबलचक स्क्रूसारखं काम करतो. खालच्या टोकाला तेल मिळालं की तो ते थेंबाथेंबाने वर नेत राहतो. चार महिने हा त्या प्रवासाचा वेळ होता. प्रत्येक साफसफाईनंतर मीटर नीट चालायचं, कारण नवी केबल कोरडी असायची आणि तेल वर पोचायला तेवढे दिवस लागायचे. आधीच्या कारागिराचं काम वाईट नव्हतं. त्याच्या टेबलावर फक्त मीटर येत होतं, गाडी कधी आलीच नाही.

माझी चूक

गाडीखाली शिरलो. ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला केबल जिथे शिरते, तिथे एक लहान बाही असते आणि तिच्यात केबल फिरवणारा छोटा गिअर. बाहीला बाहेरून रबरी कडं असतं आणि आत, गिअरच्या दांड्याभोवती, तेल अडवणारं, बोटाच्या पेराएवढं ऑइल सील. बाहेरचं कडं गेलं तर तेल बाहेर गळतं आणि सगळ्यांना दिसतं. आतलं सील गेलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, तेल निमूट केबलच्या पोटात जातं. इथे बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत, म्हणूनच कोणाला संशय आला नाही. केबल सोडली तर तिच्या टोकातून तेल टपकलं.

सील काढलं. त्याचा ओठ, म्हणजे दांड्याला टेकणारी कड, कडक झाला होता, पण फाटलेला नव्हता. मला तिथेच थांबून विचार करायला हवा होता. थांबलो नाही. नवं सील बसवलं, वरून रबरी कडंही बदललं आणि मित्राला म्हटलं, सुटलास.

मीटर साफ करताना वाटी आणि चुंबकाच्या मधून कागदाच्या पट्ट्या ओढून आधी तेल टिपलं. मग लवकर उडणाऱ्या अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या पट्ट्या फिरवल्या. फवारा मारला नाही, कारण त्याने तबकडीवरचे छापील आकडे पुसले जातात आणि केसासारखी स्प्रिंग वेड्यावाकड्या वळणात चिकटते. काटा काढावा लागलाच तर खुंटीवरून उचलून तो मोकळा कुठे थांबतो तिथे आधी खूण करा. ती शून्याच्या बरीच खाली असते. ती खूण चुकली की पुढचं सगळं मोजमाप वाया. मीटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला, वाटीपाशी काहीच नाही. पुन्हा ड्रिल: मिनिटाला ०.८, काटा ४८ आणि ४९ च्या मध्ये. स्प्रिंग आणि चुंबक दोन्ही शाबूत.

केबलचे दोन्ही भाग, आतली तार आणि बाहेरचं आवरण, धुऊन पाहिले. आतली तार दोन हातांत झोळीसारखी धरून एक टोक बोटांत फिरवलं, दुसरं टोक न अडखळता फिरत होतं. झटके देत फिरलं असतं तर तार मुडपलेली आहे असं समजून फेकली असती. पातळ ग्रीस लावलं, पण वरचा वीतभर भाग पुसून जवळजवळ कोरडा ठेवला. मार्गातलं एक वळण फार आवळलेलं होतं, ते मोकळं केलं. वळणाची त्रिज्या १५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये.

दोन आठवड्यांनी सहज म्हणून केबलचं खालचं टोक सोडून पाहिलं. आत तेलाचा पातळ थर होता. नव्या सीलमधून!

सील चुकीचं बसलं असेल म्हणून काढून तपासलं. नीट होतं. मग पहिल्या सीलचा न फाटलेला ओठ आठवला. सील दाबापुढे हरतंय, झिजेपुढे नाही, अशी शंका तेव्हा आली. गाडी अर्धा तास चालवून ट्रान्सफर केस कोमट झाल्यावर तेल भरण्याचा बोल्ट हळूच सैल केला. फुस्स! आत दाब साचलेला होता. (हातमोजे घालून करा, गरम तेल उडू शकतं.)

ट्रान्सफर केसच्या डोक्यावर बोराएवढी एक टोपी असते, ब्रीदर. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि या टोपीतून बाहेर पडते. हिच्या टोपीवर वाळलेल्या चिखलाचा दगड झाला होता. दीड वर्षापूर्वी, काटा पहिल्यांदा नाचण्याच्या थोडं आधी, गाडी खोल चिखलपाण्यातून काढली होती, हे मित्राला विचारल्यावर आठवलं. त्यानंतर प्रत्येक वेळी ट्रान्सफर केस तापली की आतली हवा वाट शोधायची. मोठी सील्स टिकली आणि सगळ्यात लहान सीलने हार मानली. ब्रीदर काढून, उकलून, नळीने फुंकून साफ केला. मित्राने नंतर त्याला एक रबरी नळी जोडून तिचं तोंड इंजिनच्या खोलीत उंच बांधलं.

टायरचं दुखणं शेवटी ठेवलं होतं आणि ते सगळ्यात सोपं निघालं. बाहीतल्या छोट्या गिअरला १७ दाते होते. दाते कमी केले की केबल जास्त फिरते. १६ दात्यांचा गिअर त्याच बाहीत बसणारा मिळाला. ६०० गुणिले १७ भागिले १६ म्हणजे ६३७.५. असा नेमका हिशेब क्वचितच जुळतो. बाहीवर दात्यांची मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाहून घ्यावी. जास्त फरकाच्या गिअरला वेगळी बाही लागते, नाहीतर दाते नीट भिडत नाहीत.

पुन्हा गाडी ढकलली. २० मीटरला १२ फेरे आणि वर पाऊण. जीपीएसच्या २० किलोमीटरला ओडोमीटर २०.०. खऱ्या ५० ला काटा सकाळी ५१, दुपारी ५०. थांबल्यावर टपकन शून्यावर.

आता आठ महिने झाले. पहिले चार महिने मी दर महिन्याला केबलचं खालचं टोक सोडून बोट फिरवून पाहत होतो. कोरडं. मित्राच्या वहीतला हिशेब मात्र दुरुस्त करावा लागला. मोठे टायर घातल्यापासून ओडोमीटर कमी मोजत होता, म्हणजे त्याने "१०,००० झाले" म्हणून बदललेलं प्रत्येक तेल खरं तर १०,६०० च्या वर गेलेलं होतं. त्याने त्या पानावर एक तिरकी रेघ मारली आणि खाली तारखेसह लिहिलं: इथून पुढचे किलोमीटर खरे.